चौथ्या कर्तव्यासाठी दीड तास द्या
शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : पहिली ते पाचवीच्या मुलांना त्यांच्या पातळीनुसार शिकवण्यासाठी रोज दीड तास राखून ठेवण्याबाबत.

महोदय,


बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. त्यातले तिसरे कर्तव्य आहे, ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे. त्याच्या लगेच खालचे, चौथे कर्तव्य आहे, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणे आणि गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवणे. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा लागू आहे आणि तेव्हापासून ही दोन्ही कर्तव्ये एकाच शिक्षकाच्या, एकाच वेळापत्रकाच्या वाट्याला आलेली आहेत.

तिसऱ्या कर्तव्याचा हिशेब सतत मागितला जातो. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, टाचण, आकारिक आणि संकलित मूल्यमापनाच्या नोंदी, सारे त्याच्याभोवती उभे आहे. शाळाभेटीला आलेले साहेब पहिला प्रश्न विचारतात, "कितवा पाठ चालू आहे?" चौथ्या कर्तव्याबद्दल इतक्या काटेकोरपणे कोणी विचारत नाही. आज आपल्याला लिहिते आहे ती त्या चौथ्या कर्तव्यासाठी.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवले आणि आता निवृत्त आहे. बदली किंवा नोटिशीची चिंता मला उरलेली नाही, म्हणून हे उघडपणे लिहिता येते. सेवेत असलेल्या कित्येक शिक्षक भगिनी-बंधूंचे म्हणणे हेच आहे. शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत ते एकमेकांशी हेच बोलतात.

जून महिन्यातला चौथीचा कुठलाही वर्ग घ्या. मुलांची वये जवळपास सारखी, हजेरीपट एक, हातातले बालभारतीचे पुस्तकही एकच. पण एक मुलगी गोष्टीचे पुस्तक वाचून संपवते आणि दुसरे मागते. तिच्या शेजारचा मुलगा सुटी अक्षरे ओळखतो, पण वेलांटी-उकार लागले की अडतो. तिसरा जोडाक्षर आले की तो शब्दच गाळून पुढे सरकतो. एक मूल दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेले आणि पट्टा पडल्यावर परतले, म्हणजे तिसरीचे निम्मे वर्ष त्याने उसाच्या फडावर काढले. एकीला फळ्यावरचे नीट दिसत नाही, हे अजून तिच्या घरच्यांच्याही ध्यानात आलेले नाही. शाळा मेळघाटात असेल तर मुलाच्या घरची बोली कोरकू, भामरागडला माडिया, धडगावला पावरी. पुस्तकातली मराठी ही त्या मुलाची दुसरी भाषा असते आणि शाळेत आल्यावरच ती पहिल्यांदा नीट कानावर पडते.

या सगळ्यांसाठी नियोजनात एकच ओळ असते : पाठ पहिला, तासिका चार.

शिक्षक या चार तासिका प्रामाणिकपणे घेतो आणि पाठ पूर्ण झाल्याची नोंद करतो. ती नोंद खोटी नसते. पण वेळेवर सुटलेली एसटी निम्मे प्रवासी स्टँडवर ठेवून जावी, तसा तो पाठ पुढे निघून गेलेला असतो. मागे राहिलेल्यांसाठी दुसरी गाडी येत नाही. पुढच्या पाठालाही ती मुले तिथेच असतात, पुढच्या वर्षीही तिथेच. २०२४ च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती, आणि पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के. म्हणजे या शाळांत पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या हातात असे पुस्तक आहे, जे त्यांना वाचताच येत नाही.

आता प्रश्न असा की मुलामुलांतला नेमका कोणता फरक शिकवताना धरायचा. याबद्दल आपल्या प्रशिक्षणांत गोंधळ आहे. काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून, आणि ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवावे, असे शिक्षकांना वर्षानुवर्षे सांगितले गेले. २००८ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे संशोधन तपासले. शैलीप्रमाणे शिकवल्याने मूल अधिक शिकते असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पाहणे, ऐकणे, हाताळणे हे सगळ्याच मुलांना हवे असते. मुलांच्या कपाळावर 'दृश्य' आणि 'श्राव्य' असे शिक्के मारण्यात शिक्षकाचा वेळ जाऊ नये.

खरा महत्त्वाचा फरक वेगळा आहे. मुलाला आज काय येते आणि कुठे अडते, हा तो फरक. डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये आपल्या ग्रंथात हेच सूत्र मांडले होते : शिकणाऱ्याला आधीपासून जे येते, त्याचा शिकण्यावर सर्वाधिक परिणाम होतो, ते शोधून काढा आणि तिथून शिकवा. घरची भाषा, गैरहजेरी, ऐकण्या-पाहण्यातली अडचण, अध्ययन अक्षमता या बाकीच्या गोष्टी त्याच प्रश्नाला जोडलेल्या आहेत, कारण मूल कुठे आणि का अडले आहे ते त्यांच्यावरून कळते.

गणिताचे एक उदाहरण देते. वर्गाला ६३ वजा २८ हे गणित तोंडी सांगितले. बरोबर उत्तर ३५. वर्गातल्या दोन मुलांनी ४५ लिहिले. दोघांच्या वहीत सारखीच फुली येईल. पण एकाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला : आठातून तीन गेले पाच, सहातून दोन गेले चार. वरच्या तिनातून खालचे आठ जात नाहीत तेव्हा काय करायचे, हे त्याला माहीतच नाही. त्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे द्यायला हवेत आणि दहाचा एक गठ्ठा त्यालाच सोडायला लावायला हवा. दुसऱ्याने दशक सुटा केला, तेरातून आठ बरोबर वजा केले, पण सहाचे पाच करायचे राहून गेले. त्याला रीत कळली आहे. त्याला फक्त मांडणीचा सराव हवा. तिसऱ्याने 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिले आणि पुढची वजाबाकी बिनचूक केली. त्याची अडचण वजाबाकीत नाहीच, संख्यावाचनात आहे.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जोडाक्षरी संख्यानावांबरोबर 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. विधिमंडळातही तो गाजला. सर्व मुलांना ही रीत असावी की ती, यावर सगळे बोलले. पण या तिसऱ्या मुलाला 'साठ तीन' या आधाराची गरज आहे आणि त्याच्या शेजारणीला नाही, हे वर्गातली बाईच ठरवू शकते. आमचे म्हणणे इतकेच की तिला ते ठरवू द्यावे आणि त्यासाठी वेळ द्यावा.

तीन मुलांची वही पाहायला, त्यांना बोलते करायला आणि तीन वेगळी कामे द्यायला वेळ लागतो. तो वेळ वेळापत्रकात नाही. आमचा मूळ मुद्दा हा आहे.

महोदय, शिक्षकांना हे जमणार नाही, त्यांची तयारी नाही, असे अनेकदा म्हटले जाते. याबाबत भारतातच झालेले संशोधन काही वेगळे सांगते. मुंबईत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' हा उपक्रम चालवला. वस्तीतल्याच तरुण मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून पायाभूत गोष्टी शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले पुढे सरकली, आणि सर्वाधिक फायदा सगळ्यात मागे असलेल्यांना झाला.

पुढचा टप्पा आपल्या खात्यासाठी अधिक बोलका आहे. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच, 'प्रथम'च्या स्वयंसेवकांच्या मदतीने, मुलांच्या पातळीनुसार शिबिरे घेतली. मुलांचे वाचन आणि गणित सुधारले. त्याच राज्यात शाळेच्या नेहमीच्या वर्षात शिक्षकांना साहित्य दिले, प्रशिक्षणही दिले, तेव्हा तेवढ्याने मुलांच्या शिकण्यात फरक दिसला नाही. उत्तराखंडातही नाही. शिबिरात शिकवणारा शिक्षक सरकारीच होता. मग फरक कशाचा होता? उन्हाळ्यात त्याच्या डोक्यावर अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा बोजा नव्हता. सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि तो पुन्हा पाठ, तासिका आणि नोंदी यांत अडकला.

हरियाणाने यातून धडा घेतला. २०१२-१३ मध्ये तिथे तिसरी ते पाचवीसाठी शाळेच्या दिवसात एक वेगळा तास नेमला. त्या तासापुरते वर्ग मोडून मुलांचे वाचनाच्या पातळीनुसार गट केले आणि त्यांच्या पातळीचे काम दिले. शाळांना भेटी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना असे शिकवले आणि मगच शिक्षकांना मार्गदर्शन केले. तिथे सरकारी शिक्षकांकडूनच, शाळेच्या वेळेतच, मुलांचे भाषेतले गुण वाढले. बॅनर्जी, डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा आपण सर्वांनी अभिनंदन केले. त्यांच्या कामाचा मोठा भाग आपल्याच शाळांत झालेला आहे, तो आपण वाचावा आणि वापरावा, ही अपेक्षा जास्त नाही.

खरे तर महाराष्ट्राला हा विचार बाहेरून आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डी आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मुलाच्या परिस्थितीप्रमाणे शाळेने बदलायचे, हे तत्त्व आपल्या राज्यात तेव्हाच प्रत्यक्षात आले होते. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलाच्या अनुभवातून, त्याच्या गतीने शिकवणे शक्य आहे हे दाखवून दिले. शेजारच्या कर्नाटकात १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात शिक्षकांनी 'नली-कली' ही पद्धत उभी केली. तिचा उगम आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या बहुवर्ग शाळांमधल्या कामात होता. तिथे अभ्यासक्रमाची एक शिडी असते, पायऱ्यांनुसार कार्डे असतात. चार दिवस आजारी पडलेले मूल परत आले की ते सोडलेल्या पायरीपासून पुढे सुरू करते. कोणी वर्गाच्या मागे पडत नाही, कारण सगळ्यांनी एकाच पायरीवर असावे अशी अटच नाही. ही पद्धत पुढे त्या राज्याच्या सरकारी शाळांत सर्वदूर गेली.

आणि आपले कुमठे बीट. सातारा जिल्ह्यात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. मुले गटांत बसू लागली, हाताळून शिकू लागली, एकमेकांना शिकवू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयाने तर प्रत्येक मूल शिकले पाहिजे हेच ध्येय ठेवले. त्या दिवसांत आम्हा शिक्षकांत जो उत्साह होता तो मी अजून विसरलेले नाही. पण पुढे काय झाले? बऱ्याच शाळांत फरशीवरची रंगीत आखणी पोहोचली. मुलाला त्याच्या गतीने जाऊ देण्याची मोकळीक पोहोचली नाही. शाळा 'प्रगत' घोषित करण्याची घाई सुरू झाली आणि 'अप्रगत' मूल कागदावर दाखवणे शिक्षकाला जड जाऊ लागले.

२०२१ मध्ये, करोनाने शाळा बंद असताना, पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आला. हेतू अत्यंत योग्य होता. पण तोही इयत्तेप्रमाणे आखलेला होता : चौथीच्या मुलाला तिसरीचे राहिलेले. दुसरीपासूनच अडलेल्या मुलाला त्या सेतूची पहिली फळीच सापडली नाही. आता 'निपुण भारत' अभियान आहे. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या या अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि अंकज्ञान यावे असे लक्ष्य ठेवले. लक्ष्य आणि मुदत दोन्ही ठरली. रोजच्या वेळापत्रकात त्यासाठी जागा मात्र अजून पक्की झालेली नाही.

एक धोका मी आधीच सांगितला पाहिजे, कारण या मागणीचा गैरवापर होऊ शकतो. पातळीनुसार गट म्हणजे गुणांप्रमाणे पाडलेल्या तुकड्या नव्हेत. 'अ' तुकडीत हुशार आणि 'ड' तुकडीत उरलेले, ही पद्धत आपल्या गावोगावच्या शाळांत चालत आली आहे आणि तिने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना 'ढ' ठरवले. तुकडी वर्षभर बदलत नाही, सर्व विषयांना तीच असते आणि अनेकदा तिच्यावर जातीची आणि वस्तीची छाया पडते. आम्ही मागतो तो गट फक्त दीड तासाचा. वाचनात एक, गणितात दुसरा. दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचा आणि मूल पुढे गेले की बदलायचा. उरलेला दिवस सगळी मुले एकत्र. परिसर अभ्यास, कला, खेळ, गाणी, गोष्ट यांत कोणाचीही पातळी विचारायची नाही. गटाला 'मागे पडलेले' असे नाव द्यायचे नाही. ही अट पाळली नाही तर मागणीच मागे घेतलेली बरी.

दुसरा आक्षेप असा येतो की दोन शिक्षकी शाळेत इतके गट कसे सांभाळायचे. कायद्याच्या अनुसूचीनुसार साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे चौथी किंवा पाचवीपर्यंतच्या बहुसंख्य छोट्या शाळांत एक शिक्षक आजही दोन-तीन इयत्ता एकाच वेळी शिकवतो. एका इयत्तेला एक शिक्षक आणि एक पाठ, ही रचना तिथे कधी नव्हतीच. उलट त्या दीड तासात इयत्तांच्या भिंती काढल्या तर काम सोपे होते. अक्षरे ओळखणारी मुले, मग ती दुसरीतली असोत वा चौथीतली, एका शिक्षकाजवळ. शब्द आणि परिच्छेद वाचणारी दुसऱ्याजवळ. गोष्ट वाचणारी मुले ग्रंथालयाच्या पेटीतली पुस्तके घेऊन लेखनाच्या कामाला लागतात. पुढे असलेल्या मुलांचे यात नुकसान होत नाही. आजच्या व्यवस्थेत तीही ताटकळतात. त्यांनाही त्यांच्या पातळीचे काम मिळू लागते.

तिसरा आक्षेप, मग अभ्यासक्रमाचे काय? हिशेब मांडू. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत. रोज दीड तास म्हणजे वर्षाचे ३०० तास. उरतात ५००. वाचता येऊ लागलेल्या मुलाला ५०० तासांत जे शिकवता येते, ते न वाचणाऱ्या मुलाला ८०० तासांतही शिकवता येत नाही. हे मी सिद्धांत म्हणून सांगत नाही. प्राथमिक वर्ग घेतलेला कोणताही शिक्षक हेच सांगेल.

पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेचाही इथे विचार व्हावा. याच कायद्याच्या २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर आपल्या राज्यात २०२३-२४ पासून ही परीक्षा परत आली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन, मग पुनर्परीक्षा आणि तरीही न जमल्यास त्याच वर्गात. ज्या मुलाला दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, त्याला पुन्हा पाचवीत बसवले तर त्याच्या हातात पाचवीचेच पुस्तक दुसऱ्यांदा येते. त्याचा अडथळा तीन वर्षे मागे आहे. तो मागे जाऊन काढला नाही, तर परीक्षा घेऊनही आणि न घेऊनही त्या मुलाच्या पदरी काही पडत नाही. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण हा वाद आपण खूप घातला. त्या मुलाला वाचायला कोण आणि कधी शिकवणार, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी सोडून दिला.

म्हणून माझ्या पाच मागण्या आहेत.

पहिली. पहिली ते पाचवीच्या सर्व शाळांच्या वेळापत्रकात रोज दीड तास पातळीनुसार अध्यापनासाठी शासन निर्णयाने राखून ठेवा. त्या वेळेत कोणती माहिती पोर्टलवर भरायची नाही, कोणता फोटो पाठवायचा नाही, कोणती बैठक घ्यायची नाही. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये, असे कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते. किमान या दीड तासापुरते ते अक्षरशः पाळा.

दुसरी. ज्या वर्गातल्या मुलांचा पाया कच्चा आहे तिथे पाठ मागेपुढे करण्याची, काही पाठ थोडक्यात घेण्याची लेखी मुभा शिक्षकाला द्या. तोंडी मुभेने भागत नाही. साहेब बदलले की ती संपते.

तिसरी. शाळाभेटीचा प्रश्न बदला. केंद्रप्रमुखांनी आणि विस्तार अधिकाऱ्यांनी वर्गातल्या दोन-तीन मुलांजवळ बसावे आणि शिक्षकाला विचारावे, हे मूल जूनमध्ये कुठे होते, आज कुठे आहे आणि पुढे काय करणार? या अधिकाऱ्यांनी वर्षाच्या सुरुवातीला स्वतः एखाद्या गटाला काही दिवस शिकवावे. आणि स्तरनिश्चितीचे आकडे शाळांची क्रमवारी लावायला किंवा नोटीस द्यायला कधीही वापरू नका. ज्या आकड्याने शिक्षकाला शिक्षा होते तो आकडा खरा राहत नाही, आणि खोट्या आकड्यावर मुलाला शिकवता येत नाही.

चौथी. कोरकू, गोंडी, माडिया, पावरी, भिलोरी, वारली, कातकरी, कोलामी बोलणाऱ्या मुलांसाठी पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या बोलीतल्या गोष्टी, चित्रकार्डे आणि ती बोली बोलणारा स्थानिक साहाय्यक द्या. पालघर, नंदुरबार, अमरावती, गडचिरोली, यवतमाळच्या काही शिक्षकांनी आपल्या परीने असे साहित्य केले आहे. ते गोळा करा, तपासून घ्या, छापा आणि शाळांत पोहोचवा.

पाचवी. ऊसतोड, वीटभट्टी आणि इतर कामांसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड फक्त प्रवेशापुरते राहू देऊ नका. मूल काय वाचते, कोणते गणित करते हे त्याच्यासोबत जावे आणि त्याच्यासोबत परत यावे. हंगामी वसतिगृहे हंगाम सुरू होण्याआधी उघडावीत. आणि दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ने मान्य केलेल्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणापुरती न ठेवता तालुक्यापर्यंत आणा. खेड्यातल्या मजूर बापाला मुलाच्या प्रमाणपत्रासाठी तीन-तीन हेलपाटे परवडत नाहीत. विशेष शिक्षकाने महिन्यातून एकदा येऊन सही करण्याऐवजी या दीड तासात मुलाजवळ बसावे, एवढी संख्या आणि सोय त्यांना द्या.

यात नवी इमारत नाही, टॅब नाही, मोठी खरेदी नाही. सर्वात मोठी मागणी वेळेची आणि विश्वासाची आहे. ती देण्याचा अधिकार आपल्या खात्याकडे आहे. दिल्लीची परवानगी लागत नाही, कारण कायद्याने हे काम आधीच सांगितलेले आहे.

शिक्षकांनाही माझे सांगणे आहे. वेळ मिळाला तर तो खरोखर मुलांना द्यावा लागेल. स्तर तपासताना मूल जिथे आहे तिथेच दाखवावे लागेल, एक पायरी वर चढवून नव्हे. आणि पालकांनो, "पुस्तक कितपत झाले?" या प्रश्नाबरोबर "माझ्या मुलीला आज काय नवे वाचता आले?" हा प्रश्न शाळेत येऊन विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तुमच्या जागा त्यासाठीच आहेत.

महोदय, प्रत्येक मूल वेगळे असते हे वाक्य प्रत्येक धोरणात छापले जाते. त्या वाक्याला वेळापत्रकात जागा मिळाली तरच त्याला अर्थ आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी हा शासन निर्णय काढा. पहिल्या दिवशी वर्गात येणारे अडलेले मूल आणखी एक वर्ष वाट पाहू शकत नाही.

कळावे.

आपली नम्र,
जिल्हा परिषद शाळेतील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका